इशाऱ्याची दुसरी प्रत

धाकट्या लेकीने आणलेला कागद मेकॅनिकने दोनदा वाचला, तरी त्यातली शेवटची ओळ त्याच्या गळी उतरेना. 'सदर चूक माझ्याच हातून झाली असून तिची संपूर्ण जबाबदारी माझी आहे,' अशी ती ओळ होती. खाली सहीची जागा कोरी होती.

“उद्या अकराला चौकशी आहे,” धाकटी म्हणाली. “तिथे सही करून द्यायची.”

“आणि दिलीस तर?” तर्कबाईंनी विचारले.

“तर या धंद्यात मला पुन्हा कुणी उभं करणार नाही, काकू. चाळीस हजार लशी फेकून द्याव्या लागल्यात. मी जाईन तिथे माझ्या आधी ही बातमी पोचेल.”

तर्कबाई म्हणजे मेकॅनिकच्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. तीस वर्षे त्यांनी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले, आणि हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनीच ठेवले. निवृत्त झाल्यावर त्यांनी दाराशी 'खासगी तपास' अशी पाटी लावली, तेव्हा शेजारीपाजारी तोंडावर पदर धरून हसले होते. एक खोटे मृत्युपत्र आणि दोन बनावट सह्या पकडल्या गेल्यावर ते हसणे आपोआप थांबले. मेकॅनिकने उभा जन्म शीतगृहे आणि बर्फाची यंत्रे दुरुस्त करण्यात घालवला होता. आता तो वहिनींना स्कूटरवरून हवे तिथे पोचवी आणि मधूनमधून प्रश्न विचारी. “भावोजींना कळलं की समजावं, जगाला कळलं,” असे तर्कबाई म्हणत. त्याला त्याचा राग येत नसे.

आज मात्र त्याला काहीच सुचत नव्हते. समोर स्वतःची मुलगी बसली होती.

तिने जे सांगितले ते थोडक्यात असे. सरकारी लस भांडारात चार शीतखोल्या आहेत. तिथले तापमान आठ अंशांच्या वर गेले तर लस वाया जाते. चारही खोल्यांवर नजर ठेवणारा प्रोग्राम धाकटीच्या कंपनीने लिहिला होता, आणि गेले सहा महिने त्याची देखभाल तिच्याकडे होती. नऊ तारखेच्या दुपारी दोन नंबरच्या खोलीतले तापमान तीन तास चढत राहिले. राखणदाराच्या टेबलावरची धोक्याची घंटा वाजायला हवी होती. ती वाजलीच नाही.

“ही घंटा वाजते कशी, ते मला समजेल असं सांग,” तर्कबाई म्हणाल्या.

धाकटीने टेबलावरचा चष्म्याचा डबा आणि पेन, एक फेकणारा आणि एक झेलणारा म्हणून, समोरासमोर मांडले. आता ती जरा सावरली, कारण हे तिचे क्षेत्र होते. “पायथन नावाच्या आमच्या भाषेत काही बिनसलं की प्रोग्राम एक अपवाद फेकतो. एक्सेप्शन म्हणतात त्याला. वरच्या कुणीतरी तो झेलायचा. काही अपवाद भाषेत तयार मिळतात, काही आपण आपल्या कामापुरते घडवतो. आमच्या अपवादाचं नाव 'शीतभंग'. तो 'इशारे' नावाच्या फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवलाय. तापमान वाचणारी फाइल तो तिथून इम्पोर्ट करते, म्हणजे मागवून घेते, आणि पारा आठच्या वर गेला की फेकते. मुख्य फाइलही तोच मागवून घेते आणि समोरून आला की झेलून घंटा वाजवते.”

“झेलणाऱ्याच्या ओळखीचं नसलेलं काही आलं तर?”

“त्याच्याखाली एक मोठं जाळं आहे. जे अनोळखी ते त्यात पडतं, नोंदीत एक ओळ उमटते आणि काम पुढे चालू राहतं. नाहीतर एका खोलीची वायर निसटली म्हणून चारी खोल्यांची राखण बंद पडेल. सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं ते.”

घंटेची दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चाचणी होते, असेही तिने सांगितले. राखणदार तापमापकाचे टोक कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवतो, पारा चढायला चारपाच मिनिटे लागतात आणि मग घंटा वाजते. या महिन्याच्या पहिलीलाही ती वाजली होती.

“तिथेच मी अडकते, काकू. पहिलीला सगळं ठीक होतं, चार तारखेला मी त्या प्रोग्राममध्ये थोडं काम केलं, आणि नऊला घंटा मुकी. मधे दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.”

“हा कागद कुणी लिहिला?”

“सरांनी. म्हणाले, चूक मोकळेपणाने कबूल कर, पुढचं मी सांभाळतो.”

सर हे नाव ऐकून मेकॅनिकला बरे वाटले. पंधरा वर्षांपूर्वी सरांच्या संगणकवर्गातले एसी तोच दुरुस्त करत असे. तिथेच दोघांची मैत्री झाली, आणि लेक बारावी झाली तेव्हा तो तिला घेऊन त्यांच्याकडेच गेला होता. 'हिला तुमच्या पदरात टाकतो,' असे त्याने म्हटले होते, आणि सरांनी तिला स्वतःच्या मुलीसारखे शिकवले, पुढे स्वतः नोकरी करत त्याच कंपनीत घेतले.

“तुझा पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक आहे?” तर्कबाईंनी जाता जाता विचारल्यासारखे विचारले.

“कुणालाच नाही,” धाकटी म्हणाली. तिने हे उत्तर फार पटकन दिले, असे मेकॅनिकला वाटले. पण भेदरलेली माणसे पटकनच बोलतात.

लस भांडार ही एक लांबट, पांढरी इमारत होती. चौकशी होईपर्यंत धाकटीला आत यायला मनाई होती, म्हणून ती फाटकाबाहेरच्या बाकावर बसली आणि ही दोघे आत गेली.

भांडारप्रमुख हा टापटिपीचा गृहस्थ होता. त्याच्या पाठीमागे भिंतीवर एक नवे कोरे प्रमाणपत्र लटकत होते. या महिन्याच्या तीन ते सहा तारखेपर्यंत तपासणी समिती येऊन गेली आणि तिने हे दिले, असे त्याने आपण होऊन सांगितले. घंटेविषयी विचारताच त्याचा स्वर आंबट झाला. ती आठवड्यातून दोनतीनदा वाजायची, म्हणाला. कुणी गाडीत माल चढवताना दार जरा उघडे ठेवले की हिचा ठणाणा सुरू. त्याने कंपनीला फोन करून तक्रारही केली होती. गेल्या महिन्याच्या अखेरीपासून मात्र ती गप्प झाली, आणि समितीसमोर अब्रू राहिली.

“गप्प का झाली, हे तुम्ही विचारलं नाहीत?”

“दुखणं गेल्यावर डॉक्टरला कोण शोधतं, बाई?” तो म्हणाला.

महिन्याच्या चाचणीचे त्याला काही ठाऊक नव्हते. ते सगळे राखणदार बघतो, आपण त्यात पडत नाही, एवढे बोलून त्याने चौकशीला जोडलेल्या कागदांचा एक संच तर्कबाईंच्या हाती ठेवला. त्यात नऊ तारखेच्या नोंदी होत्या आणि प्रोग्राममध्ये कुणी कधी काय बदलले त्याची ओळन् ओळ छापलेली होती.

शीतखोल्यांच्या बोळात मेकॅनिकला आपल्या घरी आल्यासारखे वाटले. दोन नंबरच्या दाराशी तो थांबला, खिशातून बसचे तिकीट काढून दाराच्या फटीत धरले, दार घट्ट लावले आणि तिकीट ओढले. ते लोण्यातून सुरी निघावी तसे अलगद बाहेर आले.

“रबर गेलंय,” तो म्हणाला. “कागद अडकायला हवा होता. असल्या दारामागे आठवड्यात दोनतीनदा पारा चढणारच, वहिनी. हे काही परवाचं बिघडलेलं नाही, वर्ष तरी झालं असेल.”

“मग पंधरा दिवस घंटा गप्प कशी राहिली?”

मेकॅनिकने मान खाजवली. 

राखणदार वयस्क होता. भर दुपारी त्याने कानांवरून मफलर गुंडाळला होता, आणि आपली नोकरी जाणार या भीतीने त्याची पाचावर धारण बसली होती. इतक्या दिवसांत आपल्याला कुणी एका शब्दाने विचारायला आले नाही, तुम्हीच पहिल्या, असे तो पुन्हा पुन्हा म्हणाला. तर्कबाईंनी चाचणीचे रजिस्टर मागितले. त्यात चाचणी सुरू झाल्याची वेळ आणि घंटा वाजल्याची वेळ, असे दोन रकाने होते. त्या बोट ठेवून मोठ्याने वाचत गेल्या. दहा वाजता सुरू, दहा चारला घंटा. दहा दोनला सुरू, दहा सातला घंटा. दहा वाजता सुरू, दहा पाचला घंटा. आणि या महिन्याच्या पहिल्या तारखेला, दहा पाचला सुरू, दहा पाचलाच घंटा.

“या खेपेला पाणी फार गरम होतं का?”

“पाणी नव्हतंच, बाई. आता बटण आलंय.” त्याने संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवले. एके दिवशी सकाळी कामावर आलो तर हे तिथे होते, असे तो सांगत होता. खाली सूचना होती: 'यापुढे चाचणीसाठी हे बटण दाबावे. पाणी वापरू नये, तापमापक खराब होतो.' त्याने पहिल्या तारखेला बटण दाबले, घंटा वाजली, त्याने वेळ लिहिली. यात आपले चुकले काय, हे त्याला कळत नव्हते.

“तुमचं काही चुकलं नाही,” तर्कबाई म्हणाल्या. “हे बटण तुम्ही आणखी कुणाला दाखवलंत? कुणाशी बोललात?”

कुणाशीच नाही, म्हणाला. बटणात काय बोलायचे?

बाहेर आल्यावर तर्कबाईंनी बटणाचा विषय काढला नाही. त्यांनी कागद धाकटीच्या मांडीवर ठेवले आणि नोंदी वाचायला सांगितल्या.

नऊ तारखेच्या पानांवर एकच ओळ शेकडो वेळा उमटली होती. 'अनोळखी अपवाद, काम पुढे चालू: खोल्या, इशारे, शीतभंग.' धाकटी ती ओळ बघत राहिली. मग तिने घाईघाईने बदलांची पाने उलटली. तिचा चेहरा उतरला.

“दोन आहेत,” ती म्हणाली.

“काय दोन आहेत?” मेकॅनिकने विचारले.

“इशारे. आमची फाइल 'मुख्य' फोल्डरात असते. कुणीतरी तिची हुबेहूब प्रत 'खोल्या' फोल्डरात ठेवलीय, आणि तापमान वाचणारी फाइल आता शीतभंग त्या प्रतीतून घेते. मुख्य फाइल मात्र जुन्यातूनच.”

“पण नाव तेच, मजकूर तोच. मग बिघडलं कुठे?”

“पायथन नाव बघत नाही, बाबा. वस्तू तीच आहे का, ते बघतं. दोन ठिकाणांहून आणलेले शीतभंग त्याच्या लेखी दोन परकी माणसं.”

मेकॅनिकने जरा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे एकाच साच्यातले, एकाच नंबरचे दोन थर्मोस्टॅट. तार एकाला जोडलेली आणि तापतोय दुसरा.”

“अगदी तसंच. शीतभंग फेकला जात होता, दर अर्ध्या मिनिटाला. घंटेवाल्याने तो ओळखला नाही, आणि तो खालच्या जाळ्यात पडत राहिला.”

“हे कधी झालं?” तर्कबाईंनी विचारले.

गेल्या महिन्याची सव्वीस तारीख, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. एकाच वेळी तीन बदल चढवले होते: इशाऱ्यांची प्रत, तापमानाच्या फाइलमधली एक बदललेली ओळ, आणि 'चाचणी' नावाची एक छोटी नवी फाइल. तिन्हींसमोर नाव धाकटीचे होते.

“ही चाचणीची फाइल कुठे ठेवली आहे?”

“खोल्या फोल्डरात. प्रतीच्या शेजारीच.”

“आणि ती शीतभंग कुठून मागवते?”

धाकटीने भान नसल्यासारखे वाचले, “मुख्यमधून.” तिचे लक्ष त्या तारखेवर खिळले होते.

तेवढ्यात मेकॅनिकला आठवले. सव्वीस तारखेला त्याच्या बायकोच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. बाराच्या ठोक्यापासून दिवेलागणीपर्यंत ही लेक दवाखान्याच्या बोळात त्याच्या शेजारी बसून होती. तिच्याजवळ कामाचा लॅपटॉप नव्हता. त्याने तसे बोलून दाखवले.

“फोनवरून केलं असेल मी,” धाकटी म्हणाली. “मीच केलं असेल, बाबा. नाव माझं आहे ना.” आणि तिने कागदांची घडी घातली.

सर कंपनीतल्या आपल्या केबिनमध्ये होते. मेकॅनिकला बघून ते उठून दारापर्यंत आले, खांद्यावर हात टाकून त्याला आत घेऊन गेले आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. मेकॅनिकच्या बायकोच्या डोळ्याची त्यांनी आठवणीने चौकशी केली. मग खुर्ची ओढून अगदी समोर बसले.

धाकटीविषयी ते इतक्या मायेने बोलले, की मेकॅनिकच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. अशी विद्यार्थिनी वीस वर्षांत मिळाली नाही, म्हणाले. म्हणूनच तिने मान ताठ ठेवून चूक कबूल करावी. वर्षभरात लोक विसरतील, मग ते स्वतः तिच्यासाठी शब्द टाकतील. उद्याच्या चौकशीत तेच कंपनीच्या मालकीणबाईंच्या शेजारी बसणार होते, आणि म्हणून त्यांनी चौकशीचे कागद मुद्दाम पाहिले नव्हते. आधीच बघितले तर पक्षपात केला असे होईल.

“तुम्ही त्या प्रोग्रामला शेवटचा हात कधी लावलात?” तर्कबाईंनी विचारले.

“सहा महिने झाले. धाकटीच्या हवाली केला आणि मोकळा झालो. त्यानंतर ना तो उघडला, ना त्या भांडाराची पायरी चढलो.” त्यांनी चहाचा कप मेकॅनिकच्या जवळ सरकवला. “चुकतात हो मुलं. आणि तिचा तरी काय दोष? पहिल्या तारखेला बटण दाबलं, घंटा वाजली, सगळेच निर्धास्त राहिले. तू काळजी करू नकोस. माझ्यावर सोड.”

परतीच्या वाटेवर मेकॅनिक वहिनींना म्हणाला, असा मित्र मिळायला भाग्य लागते. तर्कबाई स्कूटरवर मागे बसल्या होत्या. उद्या राखणदारालाही बोलवायचे आहे, एवढेच त्या म्हणाल्या.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होते. कंपनीची मालकीण मध्यभागी बसली होती, तिच्या उजवीकडे सर, डावीकडे भांडारप्रमुख. राखणदाराला तर्कबाईंनी खास बोलावून घेतले होते. तो भिंतीला टेकून उभा होता. मालकीणबाईंनी कागद धाकटीपुढे सरकवला, आणि धाकटीने पेनाचे टोपण काढले.

“सहीआधी मला दहा मिनिटं द्या,” तर्कबाई म्हणाल्या.

त्यांनी वर्गात शिकवायच्या तशाच सुरात सुरुवात केली. घंटा मुकी का झाली, हे कागदांतच आहे, असे सांगून त्यांनी दोन शीतभंगांची गोष्ट चार वाक्यांत उलगडली. मालकीणबाईंनी मान हलवली. ही तर अननुभवी हाताची नेहमीची चूक आहे, असे त्या म्हणाल्या.

“दिसते तशी. चूक आहे की कृत्य, एवढाच प्रश्न आहे. त्या दिवशी तीन बदल झाले. पहिले दोन चुकून होऊ शकतात, मान्य. तिसरा बघा. पाण्याच्या पेल्याची चाचणी खरोखर तापमापक तापवते, म्हणून पहिल्या तारखेला तिने घंटा मुकी झाल्याचं उघड केलं असतं. नेमकी तीच चाचणी त्याच दिवशी बंद होते आणि जागी एक बटण येतं. बटण तापमापकाला विचारतच नाही. स्वतःच शीतभंग फेकतं. रजिस्टरात म्हणून सुरुवात आणि घंटा एकाच मिनिटाला आहे.”

“तोही योगायोग असेल,” सर शांतपणे म्हणाले.

“मलाही तसं वाटलं असतं, पण बटणाची फाइल प्रतीच्या शेजारी ठेवलीय. ज्याला वाटतं इशारे एकच आहेत, तो शेजारच्या फाइलीने जिथून घेतलं तिथूनच घेईल. मग बटणानेही घंटा वाजली नसती आणि चूक पहिलीलाच सापडली असती. या माणसाने हाताशी असलेली प्रत सोडली आणि वळसा घालून मुख्यमधला शीतभंग आणला. कोणता झेलला जातो आणि कोणता नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घंटा मुकी करायची होती, आणि ती बोलते असं दाखवायचंही होतं.”

मेकॅनिकने एकदा लेकीकडे पाहिले. तिने पेन खाली ठेवले होते.

“कारण सोपं आहे,” तर्कबाई पुढे म्हणाल्या. “भावोजींनी दोन नंबरचं दार पाहिलं. त्याचं रबर गेलंय, घंटा खोटी वाजत नव्हती. समिती येणार होती आणि घंटा तिच्यासमोर वाजणार होती. तुम्ही तक्रारीचा फोन केलात,” त्या भांडारप्रमुखाकडे वळल्या, “तो कंपनीतल्या कुणाला?”

भांडारप्रमुखाने भिंतीकडे, मग टेबलाकडे पाहिले.

“त्याआधी हे सांगते, की ते नाव मला ठाऊक आहे,” तर्कबाई म्हणाल्या. “बटणाविषयी राखणदारांनी कुणाला सांगितलं नाही. प्रमुख चाचणीत पडत नाहीत. धाकटी तर अजून पाण्याच्या पेल्याबद्दलच बोलत होती. तिला बटण ठाऊक असतं तर पहिलीनंतर फक्त माझाच हात लागला, ही स्वतःवरचा संशय वाढवणारी हकीकत तिने मला कशाला सांगितली असती? म्हणजे राखणदार सोडले तर बटण एकालाच माहीत. ज्याने ते बसवलं त्याला. आणि काल एका गृहस्थांनी, ज्यांनी सहा महिन्यांत तो प्रोग्राम उघडला नाही, भांडाराची पायरी चढली नाही, चौकशीचे कागद पाहिले नाहीत, त्यांनी आम्हाला चहा पाजता पाजता सांगितलं, की पहिल्या तारखेला बटण दाबलं आणि घंटा वाजली.”

मेकॅनिकला त्या केबिनमधला चहा आठवला. खांद्यावरचा हात आठवला. आपण ते वाक्य आपल्या कानांनी ऐकले होते, आणि ऐकून आपल्याला धीर आला होता.

“मी यांनाच फोन केला होता,” भांडारप्रमुख हलक्या आवाजात म्हणाला. “समितीपुरतं घंटेचं बघा, एवढंच बोललो होतो. लस जावी असं कुणाच्या मनात नव्हतं.”

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. ते चिडले नाहीत. त्यांचा आवाजही चढला नाही, आणि मेकॅनिकला त्याचेच अधिक वाईट वाटले.

“समिती गेली की मी ते पूर्ववत करणार होतो,” ते मालकीणबाईंना म्हणाले. “सात तारखेला, आठला... राहून गेलं. या भांडाराला प्रमाणपत्र मिळालं की सगळ्या भांडारांचं काम आपल्याकडे येणार होतं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. मला शेवटी एक मोठं काम हवं होतं.”

“पासवर्ड?” मालकीणबाईंनी धाकटीला विचारले.

आता ती खालमानेने बोलली. सव्वीस तारखेला सकाळी सरांचा फोन आला होता. तू आईपाशी बस, तुझं राहिलेलं काम मी उरकतो, फक्त पासवर्ड दे, असे ते म्हणाले होते. तिला तेव्हा गहिवरून आले होते. काल बाकावर ती तारीख वाचली आणि तिला वाटले, की आपल्याला मदत करता करता सरांच्या हातून चुकले असेल. आपल्यासाठी राबताना झालेल्या चुकीत त्यांना कसे अडकवायचे? म्हणून ती सही करायला निघाली होती.

ज्याच्या खांद्यावर मान ठेवली त्यानेच केसाने गळा कापावा, ही म्हण मेकॅनिकने आयुष्यभर सहज वापरली होती. आज ती त्याला आठवली आणि तोंडातून निघेना.

मालकीणबाईंनी तो कागद टेबलावरून उचलला, उभा फाडला आणि धाकटीला उद्यापासून कामावर यायला सांगितले. सरांनी खाली थांबावे, त्यांच्याशी वेगळे बोलायचे आहे, असे त्या म्हणाल्या. सर उठले. मेकॅनिकजवळून जाताना ते घुटमळले.

“तू तरी समजून घे,” ते म्हणाले. “तिचं वय लहान आहे, ती सावरली असती. मला या वयात कुणी उभं केलं नसतं.”

पंधरा वर्षांत या माणसाशी बोलायला मेकॅनिकला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. आज तो नुसता लेकीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

“सर,” धाकटी म्हणाली. अजूनही ती त्यांना सरच म्हणत होती. “कंपनीत आम्ही नऊ जण आहोत. नाव माझंच का घेतलंत?”

सरांनी तिच्याकडे बघितले. वर्गात एखाद्या हुशार मुलीला उत्तर द्यावे, तसे त्यांनी उत्तर दिले.

“बाकीच्यांनी पासवर्ड कशाला हवा, असं विचारलं असतं.”

ते निघून गेले. राखणदाराने त्यांच्यासाठी सवयीने दार धरले आणि मग ते धरल्याचा त्यालाच संकोच वाटला.

जिना उतरताना तर्कबाई पुढे होत्या. बापलेक मागून येत होते. अर्ध्या जिन्यात धाकटी थांबली. नोकरी राहिली, नाव राहिले, हे तिला कळत होते. तिच्या चेहऱ्यावर मात्र त्यातले काही नव्हते.

“बाबा,” ती म्हणाली, “काम करताना अडलं, की मी त्यांनाच विचारायची. रोज. आता कुणाला विचारू?”

मेकॅनिकने वहिनींकडे पाहिले. तर्कबाई कठड्याला हात लावून उभ्या होत्या. त्याने लेकीच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, आणि तिघेही सावकाश खाली उतरू लागली.